अम्मीच्या बारा साड्या

माझ्या पहिल्या बाळंतपणात अम्मीने एक वाकळ शिवून दिली होती. तिच्यावर माझी दोन्ही मुलं वाढली. मुलीच्या तापात ती अंगावर असायची, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला असायची, पाहुणे आले की दिवाणावर दुमडून ठेवली जायची. तीन वर्षांपूर्वी अम्मी अल्लाहला प्यारी झाली आणि पुढच्याच हिवाळ्यात ही वाकळ मधोमध फाटली. उसवली असती तर टाका घालता आला असता. इथे कापडच विरलं होतं. बोट लावलं की भोक पडायचं.

शिंप्याकडे नेली तर तो हसला. म्हणाला, मॅडम, हे मशीनच्या पायाखाली जाणारच नाही. मग ती घेऊन मी शेजारच्या आजींकडे गेले.

आमचं रिद्धपूर मोर्शी तालुक्यातलं. महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, आणि दर वर्षी मुलांना अभिमानाने सांगते की म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ याच गावात सिद्ध केलं, मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा हिने आपले धवळे इथेच रचले. आता 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही इथेच सुरू झालं आहे. पण या गावात ‘ळ’ मात्र कुणाच्या जिभेवर टिकत नाही. शाळेचं पुस्तक ‘वाकळ’ म्हणतं, गाव ‘वाकय’ म्हणतं. मुलांचा ‘ळ’ दुरुस्त करत मी वीस वर्षं काढली आणि आजींपुढे बसल्यावर पंधरा दिवसांत माझ्याच तोंडी ‘वाकय’ आलं.

आजी महानुभाव घरातल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी सुईत दोरा स्वतः ओवतात. त्यांनी अम्मीची वाकळ मांडीवर घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, ‘‘बाई, हे दुरुस्त नाई होत. हे आता नव्या वाकयच्या पोटात जाते. आधी उसवून पाहा, अंदर काय काय हाय ते.’’

मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर बसून मी ती उसवली. वरच्या साडीखाली अब्बांच्या दोन लुंग्या निघाल्या. त्यांच्याखाली उशीच्या खोळींचे चौकोन, धाकट्या भावाच्या शाळेच्या खाकी चड्डीचं कापड, माझ्या सातवीतल्या गणवेशाचा निळा घेर. त्या निळ्या कापडावर शाईचा एक डाग अजून होता. आणि अगदी आत, या सगळ्यांच्या मध्ये, आणखी एक जुनी वाकळ! तीही हाताने शिवलेली, पण टाका वेगळा, बारीक आणि थोडा तिरपा. तो नानीचा टाका असणार. नानी गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला तिचा चेहरा आठवत नाही.

नाना पिंजारी होते. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख आणि गावोगाव कापूस पिंजणारे बहुतेक आपलेच लोक. कुठे त्यांना पिंजारी म्हणतात, कुठे मन्सुरी, कुठे नद्दाफ. अरबीत नद्दाफ म्हणजे कापूस पिंजणारा, आणि हल्लाज म्हणजेही तोच. इसवी सन 922 मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला त्या मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून ‘मन्सुरी’ हे नाव आलं असं आमच्या घरात सांगत. नाना खांद्यावर भली मोठी पिंजण घेऊन निघायचे. तिची तात ठोकली की जो आवाज निघे त्याची नक्कल अम्मी करून दाखवायची. लोकांच्या गाद्या आणि रजया भरण्यात नानांचा हिवाळा जायचा. घरातली सहा मुलं मात्र वाकळीखाली झोपायची, कारण कापूस गिऱ्हाइकाचा असे. रजई भरणं हे पुरुषांचं काम आणि त्याची मजुरी मिळे. वाकळ शिवणं हे बाईचं काम, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. अम्मीलाही मी हे काम करताना लहानपणी शेकडो वेळा पाहिलं, पण एकदाही तिच्याजवळ बसून शिकले नाही. मला बी.एड. करायचं होतं.

तर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी शिकायला बसले. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे हातात दीड महिना होता.

पहिली वाकळ मी घरातल्या जुन्या चादरींची केली. वाचक भगिनींपैकी कुणाला करून पाहायची असेल म्हणून रीत सांगते. जुनंच सुती कापड घ्यायचं, धुतलेलं, मऊ झालेलं. नवं कापड पहिल्या धुण्यात आकसतं आणि वाकळ वाकडी होते. टेरिकॉट आणि सिंथेटिक साड्या नकोत. सुई त्यांच्यात घसरते, थर एकमेकांना धरत नाहीत आणि अंगाखाली गरम होतं. सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर एकेक थर पसरून हाताने सपाट करायचा, चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे, विटा काय असेल ते ठेवायचं. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरून ठेवायचे. त्यानंतर काठापासून सुरुवात करून धावदोरा घालत फेरी मारत मध्याकडे यायचं. दोन ओळींत एका बोटाचं अंतर.

ऐकायला सोपं आहे. माझ्या वाकळीला पोट निघालं. काठापासून येताना मी दर फेरीला कापड जरा जरा आत ढकलत होते आणि ते सगळं मध्ये जमा झालं. शेवटी मध्यभागी मांजर झोपल्यासारखा उंचवटा तयार झाला. आजी खदखदून हसल्या. नऊ दिवसांचं काम होतं. त्यांनी सांगितलं, आतल्या सहा फेऱ्या उसवा.

उसवताना मला ‘नहल’ सूरहमधली ती बाई आठवली, मेहनतीने सूत कातून मग स्वतःच त्याचे तुकडे करणारी. तिच्यासारखे होऊ नका असं तिथे बजावलं आहे. मुलांना शिकवताना मी हा दाखला नेहमी कष्ट वाया घालवण्याबद्दल द्यायचे. त्या दिवशी तर्जुमा काढून पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, तिथे विषय कष्टांचा नाहीच. तिथे दिलेल्या शब्दाचा विषय आहे, एकमेकांना फसवण्यासाठी शपथा वापरू नका असं सांगितलं आहे. माझं उसवणं त्यात बसत नव्हतं, पण ती आयत मनात राहिली.

आजी माझ्या टाक्यावर कधी खूश नव्हत्या. ‘‘तुमचा टाका अक्षरावानी हाय मॅडम. पाहाले लय सुंदर. पण वाकयले सुंदर नाई लागत, घट्ट लागते.’’ बोटं रक्तबंबाळ झाल्यावर त्यांनी आपलं पितळी अंगुस्तान मला दिलं. अंगुस्तान हा शब्द फारसीतून आला, अंगुश्त म्हणजे बोट. मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘असन. बोटात घाला.’’

शाळा उघडल्यावर सहावीच्या वर्गाला मी एक हिशेब घातला. वाकळ पाच फूट रुंद, सात फूट लांब. दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर आणि एका इंचात चार टाके, तर एकूण टाके किती? उत्तर पंचवीस हजारांच्या आसपास येतं. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘मॅडम, माझ्या दादीने नऊ वाकया शिवल्या.’’ तिने फळ्यावर येऊन गुणाकार केला.

घरी मुलाने सुरुवातीला नाक मुरडलं. तो दहावीत. मी त्याला दुसऱ्या बाजूने थर ताणून धरायला सांगितलं तर म्हणाला, हे बायकांचं काम. मी त्याला हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत सांगितली. प्रेषित (सल्ल.) घरात काय करत असत असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं की ते आपला कपडा स्वतः शिवत, आपली चप्पल स्वतः सांधत. मुलगा काही बोलला नाही, पण त्याने थर धरला. दोन महिन्यांनी त्याला कच्चा टाका माझ्यापेक्षा सरळ येऊ लागला, हे मात्र मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला मोबाइलवर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या वाकळी दाखवल्या. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात, त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. त्यांची ‘कवंदी’ अशीच काठापासून मध्याकडे शिवतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून ‘फूल’ लावतात. ती फुलं मला फार आवडली. पुढच्या वाकळींना मी ती लावायचं ठरवलं.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

पुढच्या वाकळी मला अम्मीच्या साड्यांच्या करायच्या होत्या. अम्मी गेल्यानंतर भावजयीने तिची लोखंडी पेटी माझ्याकडे पाठवून दिली होती. त्यात बारा सुती साड्या होत्या, काही सिंथेटिक होत्या (त्या बहुतेक आम्हीच ईदला दिलेल्या, तिने घडीही मोडली नव्हती), एक जायनमाज, चष्मा, तस्बीह. नात्यातल्या बायकांनी तेव्हाच सांगितलं होतं की मय्यतचे कपडे घरात ठेवू नयेत, गरिबांना देऊन टाका. देणं चांगलंच. पण कुणाचं द्यायचं? माणूस गेलं की त्याची प्रत्येक वस्तू तरका होते. कफन-दफनाचा खर्च, कर्ज, एक तृतीयांशापर्यंतची वसीयत यातून जे उरेल ते वारसांचं, मग ती सुई का असेना. ‘निसा’ सूरहमध्ये पुरुषांचा हिस्सा आणि स्त्रियांचा हिस्सा सांगताना, माल थोडा असो की जास्त, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या बारा साड्या माझ्या नव्हत्या. आम्हा चौघांच्या होत्या, दोन भाऊ आणि दोन बहिणी. कात्री लावायची तर तिघांना विचारायला हवं होतं.

अकोल्याच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती हसली, ‘‘आपा, मग शरीयतप्रमाणेच वाटा ना! बाराचे सहा भाग. भावांना चार चार, आपल्याला दोन दोन.’’ पुण्याच्या लहान भावाने ‘‘तुला काय वाटेल ते कर’’ म्हणून फोन ठेवला. राहिले भाईजान.

भाईजान आणि मी दीड वर्ष बोललो नव्हतो. अब्बांनी तीन एकर जमीन अम्मीच्या नावावर घेतली होती, त्यात संत्र्याची बाग आहे. भाईजान तिथेच राहतात, राबतात, कर्जही त्यांच्याच डोक्यावर. अम्मी गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी हक्कसोडपत्राचा कागद पाठवला. आम्ही बहिणींनी सही करायची. आपल्याकडे यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटतच नाही, बहिणी ‘माफ’ करतात. मी सही केली नाही. नाहीही म्हटलं नाही. कागद कपाटात ठेवून दिला. दर वर्षी आंबिया बहाराची एक पोतं संत्री आमच्याकडे यायची, ती यायची बंद झाली.

मी फोन लावला. सलाम-दुआ झाली. मी विचारलं, ‘‘भाईजान, अम्मीच्या साड्या कापू का? वाकळ करायची आहे. सगळ्यांसाठी.’’

‘‘साड्यांसाठी परवानगी?’’

‘‘तुमचाही हिस्सा आहे त्यात.’’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘मुन्नी, तू टोमणा मारतेस.’’

मी नाही म्हटलं. पण लिहायला बसले आहे तर खरं लिहायला हवं. तो अर्धा टोमणाच होता. साड्यांचं विचारलं की जमिनीचं आपोआप निघेल हे मला माहीत होतं. बरेच दिवस मी त्या वाक्याची तालीम केली होती.

मग भाईजान जे बोलले त्याची तालीम मी केली नव्हती. ‘‘तुझ्या नणंदेने रिद्धपूरच्या घरावरची सही दिली, तेव्हा तू कुठे होतीस? तिला कुणी विचारलं होतं? साडी काप, माझी इजाजत आहे.’’ आणि फोन ठेवला.

मी स्वयंपाकघरात होते. चहा करून ट्रे मीच बाहेर नेला होता. सासरे जाऊन वर्ष झालं होतं, सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. माझ्या पतींना एकच बहीण. घरात तिचा एक तृतीयांश हिस्सा होता. ती अचलपूरहून आली, बसली, कागदावर सही केली, चहा प्यायली, गेली. तिने डोक्यावरची ओढणी दोनदा सारखी केली होती, तेवढं मला आठवतं. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत आम्ही त्या घरावर मजला चढवला.

त्या आठवड्यात मी भाईजानची वाकळ शिवत होते. रोज रात्री इशानंतर बसायचे आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. ते जमीन दाबून बसले आहेत आणि वर मलाच शिकवतात! आजींनी ती वाकळ पाहिली, एका बाजूवरून हात फिरवला आणि विचारलं, ‘‘इथं टाके काऊन लांब लांब पडले वो बाई? राग आला व्हता का?’’ मी उजेड कमी होता असं सांगितलं.

साड्या मी प्रत्येकी तीन अशाच वाटल्या. पाच-साडेपाच मीटरच्या साडीचे दोन थर निघतात, तीन साड्यांची सहा थरांची चांगली जाड वाकळ होते. अम्मीच्या फाटलेल्या वाकळीतलं जे कापड अजून धड होतं तेही चौघांत वाटलं. लुंग्या भावांच्या वाकळींत गेल्या, खाकी कापड पुण्याच्या भावाच्या, नानीची वाकळ बहिणीच्या पोटात. समसमान वाटणी दोन्ही भावांच्या इजाजतीने झाली होती, त्यांनी खुशीने आपलं जास्तीचं सोडलं होतं. हक्क आपला आहे हे माहीत असताना, कुणी आपल्याला विचारल्यावर, आपण मोकळ्या मनाने सोडला तर त्याला माफी म्हणता येईल. नणंदेला कुणी विचारलंच नव्हतं. कागद पुढे केला होता.

चौथ्या वाट्याच्या तीन साड्या माझ्या होत्या. त्यात अम्मीची जांभळ्या काठाची साडी होती, जी नेसून ती माझ्या शाळेत पालकसभेला यायची. ती मी माझ्यासाठीच राखून ठेवली होती. त्या तिन्हींची वाकळ मी नणंदेसाठी करायला घेतली.

वाकळ अर्धी झाली तेव्हा पतींना बोलले. ते जेवत होते. मी म्हटलं, आपाचा हिस्सा राहिला आहे. त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, तिने स्वतः सही दिली आहे. मी म्हटलं, मग आज पुन्हा विचारून पाहू. त्यांना राग आला, हे मी लपवत नाही. चार दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. पाचव्या दिवशी फजरच्या नमाजनंतर त्यांनी विचारलं, घराची किंमत कोण काढून देईल?

अचलपूरला आम्ही दोघं गेलो. वाकळ पिशवीत होती. नणंदेने आधी ती उलगडली, कोपऱ्याची फुलं पाहून खूश झाली. मग भावाने विषय काढला तशी ती घाबरली. अक्षरशः घाबरली. ‘‘नको भैया, मला काही नको. मी काही बोलले का? कुणी सांगितलं तुम्हाला?’’ दोन-तीनदा ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘भाभी, माहेर तुटेल माझं.’’ पन्नाशीची बाई, नातवंडं असलेली, आणि तिला भीती होती ती ईदला यायला दार उरणार नाही याची. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. आपण काहीतरी मोठं देतो आहोत अशा थाटात मी गेले होते.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ती दोन महिन्यांनी ईदला आमच्याकडे आली, नेहमीसारखी राहिली, नेहमीसारखी शीरखुर्म्यात साखर कमी आहे म्हणाली. जाताना दारात भावाला हळूच म्हणाली, मुलाच्या दुकानासाठी पैसे लागणार आहेत. तेव्हापासून दर महिन्याला आम्ही हप्ता देतो. शिक्षकाच्या आणि एका छोट्या व्यावसायिकाच्या घरात ही रक्कम जाणवते. वरच्या मजल्याची रंगरंगोटी राहिली आहे, ती राहील अजून काही वर्षं.

वाकळी एकेक करून पोचल्या. अकोल्याच्या बहिणीकडे मुलांनी पहिल्याच आठवड्यात ओढाओढ करून एक फूल उपटलं, तिने तिथे दुसऱ्याच कापडाचं ठिगळ लावलं. पुण्याच्या भावाने ती सोफ्याच्या पाठीवर टाकून फोटो पाठवला. सुंदर दिसत होती. मी फोन करून सांगितलं, रात्री पांघरून झोप रे, धुवायचीही भीती बाळगू नकोस. तो म्हणाला, आपा, ही वापरायची वस्तू नाही. त्याच्यापुढे मी काय बोलणार? सुरुवातीला मलाही तसंच वाटत होतं. आजींनी बजावलं नसतं तर अम्मीच्या साड्या मीही काचेच्या कपाटात लावल्या असत्या.

भाईजानची वाकळ घेऊन मी हिवाळ्यात गेले. एकटीच. पतींना बसस्टँडवर सोडायला सांगितलं. बागेत आंबिया बहाराची तोड चालू होती, अंगणात संत्र्यांचे ढीग होते. भावजयीने चहा दिला. मी भाईजानना अचलपूरचं सगळं सांगितलं, नणंदेची भीती, पतींचा राग, हप्ता, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी त्यांचा कागद पर्समधून काढून परत दिला. म्हटलं, ‘‘भाईजान, यावर सही नाही करणार. माझे वीस गुंठे होतात, तिचे वीस. आम्हाला विकायचे नाहीत, तुम्हीच कसा. पण आधी सातबाऱ्यावर नाव चढवा. नंतर तुम्ही विचारा, आम्ही काय द्यायचं ते सांगू.’’

ते म्हणाले, ‘‘बागेवरचं कर्ज माहीत आहे का तुला?’’ मला माहीत नव्हतं. आकडा ऐकून मी गप्प बसले. दीड वर्षात मी ते एकदाही विचारलं नव्हतं.

वाकळ त्यांनी उलगडली नाही, तशीच घडी आत नेली. निघताना दोन पिशव्या संत्री दिली.

फेब्रुवारीत त्यांचा निरोप आला की वारसनोंदीसाठी चौघांचे आधार कार्ड लागतील, तलाठ्याकडे या. आम्ही गेलो, पुण्याचा भाऊही आला. सातबाऱ्यावर आता चार नावं आहेत. वाटणी झालेली नाही, कर्जाचं काय करायचं तेही ठरलेलं नाही. धाकटी बहीण म्हणते तिला तिचा हिस्सा हवा आहे, आणि तो तिला मागता येतो. पुढच्या बहारानंतर बसू असं भाईजान म्हणाले आहेत.

मागच्या जुम्म्याला भावजयीचा फोन आला. सगळी खुशाली झाल्यावर म्हणाली, तुमच्या वाकळीची एक बाजू उसवली आहे, रोज पांघरतात ना. लांब टाक्यांचीच बाजू. मी म्हटलं, कुणाकडून तरी घालून घ्या चार टाके. तर मागून भाईजानचा आवाज आला, तिला म्हणावं स्वतः ये, आणि येताना सुई घेऊन ये, आमच्याकडची जाड सुई सापडत नाही.

आजींचं अंगुस्तान मी पर्समध्ये टाकून ठेवलं आहे.